चिंधी पांढरी निघेपर्यंत

चिंधी काळी निघाली. नळीच्या तोंडातून बाहेर आली, टेबलावरच्या जुन्या वर्तमानपत्रावर पडली, आणि मी गज हातात धरून तिच्याकडे नुसती बघत राहिले. मागच्याच रविवारी ही बंदूक मी पुसली होती. शेवटची चिंधी इतकी पांढरी निघाली होती की आप्पा म्हणाले होते, याचं टोपडं शिव एखाद्या बाळाला. मधल्या आठवड्यात तिला कुणी हात लावला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. या घरात बंदूक चालत नाही, फक्त पुसली जाते. ज्या भांड्यात काही शिजलंच नाही ते खरकटं कसं निघेल? मी नळीची मागची बाजू नाकाशी नेली. विझलेल्या आगकाडीचा वास, पण शिळा, आंबलेला.

"जुनं तेल असेल," आप्पा म्हणाले. "हवा दमट आहे. काळं पडतं तेल."

आप्पा म्हणजे माझे सासरे. समोरच्या खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर शाल, शालीखाली हात. हात थरथरतात म्हणून ते लोकांसमोर झाकून ठेवतात. माझ्यासमोर एरवी झाकत नाहीत. बाकी सगळ्या बाबतीत आप्पा खुशाल खोटं बोलतात. औषध घेतलं म्हणतात आणि कुंडीत ओततात. पाय दुखत नाहीत म्हणतात आणि जिन्यात बसून राहतात. पण बंदुकीबद्दल या माणसानं मला कधी एक शब्द खोटा सांगितला नव्हता. जुनं तेल पिवळं पडतं, फार तर तांबूस होतं. हे त्यांनीच मला शिकवलंय. काळं काय करतं हेही त्यांनीच शिकवलंय. दुसरी चिंधी नळी धुवायच्या औषधात बुडवली, गजाच्या टोकाला लावली आणि मागून पुढे ढकलली. मागून पुढे, नेहमी मागून पुढे. गोळी जाते तसा गज जाणार, उलटा घातलास तर नळीचं तोंड झिजेल आणि मग तिचा नेम आयुष्यभर खोटा. दुसरीही काळी निघाली.

खरं तर मला सकाळीच कळायला हवं होतं. महिन्यातून एकदा पुसायची बंदूक, आणि हा माणूस चहाच्या आधीच कपाट उघडून बसलेला. आज सगळी खोल म्हणाले. दस्त्यापासून नळी सुटी कर, खालचे दोन्ही स्क्रू काढ, आतली बाजूही बघ. सगळी खोलणं वर्षातून एखाद्या वेळी. मी म्हटलं, "आप्पा, मागच्या रविवारी तर पुसली." तर म्हणाले, "पुसली म्हणजे काय उपकार केलेस?" असं ते कधी बोलत नाहीत. मी रागावले नाही, म्हटलं वय आहे. माणूस म्हातारा झाला की त्याच्या प्रत्येक गोष्टीला आपण वय म्हणतो. आपल्यालाही सोयीचं, त्यालाही.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. दिवसभर दगडावर काच धरायची, पाणी, पूड, पुन्हा काच. गिऱ्हाईक मला बघत नाही, मी गिऱ्हाईक बघत नाही, फक्त त्याचे डोळे किती बिघडलेत ते कळतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आप्पांचे हात नुकतेच बिघडायला लागले होते. जंगल खात्यात जन्म गेलेला, पिकात शिरणारी डुकरं मारायला गावोगावचे लोक ज्याला बोलावून न्यायचे असा माणूस, आणि त्याच्याच हातून बोल्टची, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या लोखंडी दांड्याची, पिन जमिनीवर पडली. ती पलंगाखाली गेली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दारात उभा होता. तो हलला नाही. मी पालथी पडून पिन काढली, ओढणीला पुसली आणि कुठे बसते विचारलं. त्यांनी सांगितलं, मी बसवली. आप्पा माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "हिच्या हाताला कान आहेत." तेव्हापासून हे काम माझं. या घरात मला जे म्हणून मिळालं ते सगळं काम म्हणूनच मिळालं, पण एवढं एक काम असं की त्यात मला कुणी पायाखाली तुडवत नव्हतं. टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला आप्पा, मध्ये सुटे केलेले तुकडे ओळीनं मांडलेले. ते जंगलातल्या गोष्टी सांगत, मी तेल लावत असे. मुकादम टेबलाखाली माझ्या पायावर हनुवटी टाकून पडलेला असे.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. नाव मी ठेवलं. दिवसातून दोनदा सगळ्या घरातून फिरून प्रत्येक माणूस जागेवर आहे की नाही ते बघायचा आणि मगच बसायचा. म्हातारा झाला. एका डोळ्यात मोतीबिंदू, मागचे पाय घसटत चालायचा आणि भाषणाला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यासारखा खोकायचा: आधी एक खाकरा, मग थांबणं, मग शिट्टीसारखा लांब श्वास. बोळात मुतायचा. पुसायची मीच, पण तक्रार दोन्ही पुरुषांची. बुधवारी मी दुकानात होते तेव्हा नवऱ्यानं त्याला नेलं. आधी बोलणं झालं होतं. शहराबाहेर त्याच्या मित्राची रोपवाटिका आहे, त्या मित्राला सगळे जाड्या म्हणतात. तिथे मोकळी जागा, माती, जिने नाहीत. नवरा पावाच्या कारखान्याची गाडी चालवतो, सकाळची फेरी झाली की गाडी रिकामी. मी आदल्या दिवशीच मुकादमची गोधडी, थाळी आणि औषधाची बाटली पिशवीत भरली. किती थेंब, कधी, ते जाड्याच्या बायकोला नीट सांग म्हटलं. तेव्हापासून रोज विचारते, फोन केलास का, खातोय का? आणि नवरा रोज सांगतो, खातोय गं, मजेत आहे.

आणि आप्पांनी बुधवारपासून एकदाही त्याचं नाव काढलं नव्हतं. जो माणूस उठल्या उठल्या "मुकादम, हजेरी" म्हणून हाक मारायचा तो. मला वाटलं, दुःख गिळतायत.

तिसरी चिंधी. काळी.

"बोल्ट बघ आता," आप्पा म्हणाले, माझ्याकडे न बघता.

बोल्ट माझ्याकडे असतो. हा सासूबाईंनी घातलेला नियम. रागीट माणसांच्या घरात बंदूक जोडून ठेवू नये, असं त्या म्हणायच्या. म्हणून बंदूक आप्पांच्या कपाटात, काडतुसं मुलाकडे कुलपात आणि बोल्ट बाईकडे, कुठे ते बाईनं कुणाला सांगायचं नाही. तिघांनी ठरवल्याशिवाय गोळी सुटायची नाही. मरताना त्यांनी दागिने नणंदेला दिले आणि मला जवळ बोलावून बोल्ट दिला. तेव्हा मी मनातल्या मनात पुष्कळ हसले, सोनं लेकीला आणि लोखंड सुनेला. पण मी तो सांभाळला. शिवणाच्या डब्यात, खाली, जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून. आज सकाळी काढला तेव्हा मोज्याला गाठ होती. मी गाठ मारत नाही, नुसता दुमडते. तेही बघितलं आणि सोडून दिलं. आपण सगळं बघतो आणि सोडून देतो, मग म्हणतो आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आता मी बोल्टचा मागचा भाग फिरवून सोडवला. पिन निघाली, तिच्यावरची स्प्रिंग निघाली. पुढच्या तोंडाशी, जिथे काडतुसाचं बूड टेकतं, तिथे काजळीचं ताजं वळं होतं. बोट फिरवलं तर बोटाला आलं. मी ते बोट आप्पांना दिसेल असं वर्तमानपत्राला पुसलं. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

म्हणजे बंदूक यांनी दिली. काडतूस त्यानं दिलं. आणि बोल्ट माझ्या डब्यातून, माझ्या दोऱ्या-सुयांत हात घालून, मी दुसऱ्यांचे चष्मे घासत असताना. माझी गोधडी, माझी थाळी, माझे औषधाचे थेंब, सगळं सोंग. रोज संध्याकाळी मी विचारायचे आणि तो पावाच्या पिठानं पांढरे झालेले बूट काढता काढता सांगायचा, मजेत आहे. किती सहज. मला आठवलं, आप्पा पूर्वी सांगायचे की शिकाऱ्याच्या घरचं जनावर दवाखान्यात सुईनं मरत नाही. आपलं जनावर आपण संपवायचं, परक्याच्या हातून नाही. मी ऐकून घ्यायचे, म्हटलं जुन्या गोष्टी आहेत. पुरुष जेव्हा काही रीत म्हणून सांगतात तेव्हा ते काहीतरी करायच्या तयारीत असतात, हे मला या वयात कळायला नको होतं? आणि मग या दोघांनी केलं काय, तर बंदूक तशीच खरकटी कपाटात ठेवली. ज्यांनी जन्मात ताट घासलं नाही त्यांना खरकटं लपवता येत नाही. घासता आलं असतं तर मला कधीच कळलं नसतं. आणि आप्पांना घासता येतं, पण हात नाहीत. बुधवारपासून हा माणूस कपाटाशेजारी झोपतोय आणि नळीला आतून गंज धरतोय हे त्याला झोपेतही ऐकू येत असणार. कुत्र्याचं गुपित त्याला पोटात ठेवता आलं, गंज ठेवता आला नाही. म्हणून मला बसवलं. मीच मारलेलं लपवायला मलाच बसवावं तसं. नाही, मी मारलेलं नाही. इतकी दमले होते की माझे विचारही मला चुकीच्या घरी नेऊन सोडत होते.

मी उठले. "चिंध्या आणते," म्हटलं, आणि काळी चिंधी मुठीत धरून आत गेले.

नवरा बेसिनपाशी दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस. मी चिंधी बेसिनच्या काठावर ठेवली.

"काय हे?"

"तूच सांग."

त्यानं चिंधीकडे बघितलं, मग आरशातून माझ्याकडे, मग हात लांब करून नळ मोठा सोडला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. या घरातलं प्रत्येक खरं बोलणं आम्ही नळ सोडून करतो. पाण्याचं बिल त्यामुळेच येतं.

"आप्पा काही बोलले?"

"आप्पा म्हणाले जुनं तेल. तू काय म्हणतोस, नवं तेल?"

"हळू बोल."

"माझ्या डब्यात हात घातलास तू?"

"मी नाही. मला कुठे माहीत कुठल्या डब्यात असतो. आप्पांनी काढला. त्यांना पहिल्यापासून माहीत आहे."

हे मला कुत्र्यापेक्षा जास्त लागलं, आणि लागलं म्हणून माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी लपवत होते आणि तो माणूस समोर बसून न कळल्यासारखं करत होता. लहान मुलाशी लपाछपी खेळताना करतात तसं.

"म्हणजे ते तुझ्याबरोबर आले होते?"

"गाडीत बसले होते. पुढच्या सीटवर. बंदूक मांडीवर." तो वस्तरा धुवायला लागला, स्वच्छ असलेला वस्तरा. "म्हणाले, जाड्याकडे ठेवायचं नाटक बास, मरायला आलेलं जनावर परक्याच्या दारात टाकू नकोस. म्हणाले, बायकोला काय सांगायचं ते सांग. रोपवाटिकेच्या बांधापलीकडे झाडं आहेत, तिथे ने म्हणाले. त्यांचे गुडघे, त्यांना उतरता येईना. मी नेलं."

"आणि?"

"आणि काय. झाडाला बांधलं आणि वर मारली."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर! आभाळात. जाड्या मागच्या बाजूनं आला आणि त्याला घेऊन गेला. मी रोज सांगतोय ना तुला, मजेत आहे म्हणून? मग? खोटं सांगतोय का मी?"

मी हसले. चांगलं हसू नव्हतं ते. हा माणूस लग्नापासून माझ्याशी असाच बोलतो, कुठलीही गोष्ट अशी सांगतो की खोटीच वाटावी. लहानपणी आप्पा त्याला शिकारीला घेऊन गेले होते. ससा मारायचा होता. यानं बंदूक धरली, ससा समोर बसला, आणि याची चड्डी ओली झाली. आप्पा ती गोष्ट अजून सांगतात, आमच्या लग्नाच्या जेवणातही सांगितली, उखाण्यासारखी; लोक पोट धरून हसले, तोही हसला. मी त्या दिवशीच ठरवून टाकलं होतं की या माणसाच्या हातात धीर नाही. नंतर ते मत बदलायला मला वेळ झाला नाही.

"शपथ घेऊ नकोस," मी म्हटलं. "फोन लाव."

ओल्या हातानं त्यानं लावला. आवाज बारीक करून दोघांच्या मध्ये धरला.

"बोल रे पाववाल्या," जाड्या म्हणाला.

"मुकादम काय करतोय?"

"काय करणार, ड्युटी. सकाळपासून आमच्या हिच्या मागे घसटतोय. काल गुलाबाच्या कलमांवर मुतला साला. वहिनींच्या औषधाला तोंड लावत नाही, भाकरीच्या तुकड्यात लपवून घातलं तर तुकडा खातो आणि औषध थुंकतो. म्हाताऱ्याला सांगू नको रे बाबा, बंदूक घेऊन येईल इथे."

"फोन त्याच्याजवळ धर."

"आता कुत्र्याशी बोलणार?"

"धर ना."

खसफस झाली. माती, चपला, कुठलीशी बादली. मग बराच वेळ काही नाही. मग एक खाकरा. मग थांबणं. आणि मग ती शिट्टी.

मी उपड्या बादलीवर बसले. नवऱ्यानं फोन बंद केला, नळ तसाच चालू. त्याच्या गालावरचा फेस वाळून चालला होता.

"आप्पांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"का? मला अंधारात ठेवताना—"

"सांगू नकोस. परत आलो ना मी गाडीत, तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसता पाठीवर हात ठेवला. घरापर्यंत तसाच. मी गिअर बदलत होतो, तरी काढला नाही." त्यानं तोंड धुतलं, अर्धी दाढी तशीच ठेवून. "थरथरत होता हात. पण काढला नाही."

मी विचारलं, "आणि बंदूक पुसली का नाहीस?"

"मला येते कुठे?"

चिंध्या घेऊन मी परत टेबलाशी आले. आप्पा तसेच होते, खिडकीकडे तोंड. मी पितळी ब्रश गजाला लावला आणि नळीतून फिरवायला लागले, मागून पुढे, मागून पुढे. ब्रशचा आवाज मला नेहमी आवडतो. आज दात घासणाऱ्या माणसासारखा वाटला, रोज तेच, उद्या पुन्हा घाण. मला खूप राग यायला हवा होता आणि तो आलाही होता, पण कुठे ठेवावा कळेना. ज्याच्यावर ठेवायचा तो निर्दोष निघाला होता, आणि ज्याच्यावर ठेवायला हवा तो समोर शालीखाली हात झाकून एखाद्या शाळकरी पोरासारखा बसला होता. चौथी चिंधी करडी. पाचवी करडी.

"बोलत का नाहीस?" आप्पा म्हणाले.

"काय बोलू?"

"तुला कळलंय. तुझ्या हातावरून दिसतंय."

मी गज खाली ठेवला.

"मीच सांगितलं त्याला," आप्पा म्हणाले. "आपलं जनावर होतं. परक्याच्या अंगणात कण्हत मेलं असतं. तुला विचारलं असतं तर तू बोल्ट दिला नसतास."

"नसता दिला."

"म्हणूनच."

"माझा डबा होता तो, आप्पा."

"हो. चूक झाली. बोल्ट घ्यायला नको होता. पण ते काम व्हायलाच हवं होतं." आणि मग त्यांनी तोंड वळवलं, आणि मला जे बघायचं नव्हतं ते दिसलं: त्यांचे डोळे भरले होते, पण दुःखानं नव्हे. "एकाच गोळीत संपवलं गं त्यानं. एकच आवाज ऐकला मी. मला वाटलं होतं दोन येतील, तीन येतील, पोरगं रडत परत येईल. एकच आला. हात नाही थरथरला माझ्या लेकाचा."

जिभेवर वाक्य तयार होतं. तुमच्या लेकानं आभाळाला मारली. इतकंच. बोल्ट, काडतूस, बंदूक, सगळं जोडून झालेलं होतं, फक्त बोट ठेवायचं. त्यांनी माझ्या डब्यात हात घातला होता, माझ्यासमोर बसून वर्षानुवर्षं अजाण झाले होते, माझ्या पायावर झोपणाऱ्या जनावराला माझ्यामागे मारायला पाठवलं होतं. वाक्य सुटलं असतं तर या टेबलावरचा तो एकुलता एक अभिमान जागीच आडवा झाला असता, आणि त्याच गोळीनं आतल्या खोलीत अर्धी दाढी करून उभा असलेला माणूसही. मी चांगली आहे म्हणून गप्प राहिले असं कुणी समजू नये. दमलेल्या माणसाला खरं बोलणं परवडत नाही. नंतरचं आवरायला तोच असतो.

मी नवी चिंधी लावली, ढकलली. नळीच्या तोंडातून ती बाहेर पडली. पांढरी. मी नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली, मागून डोळा लावला. आत वळत गेलेले आटे, स्वच्छ, एकामागे एक, थेट उजेडापर्यंत.

"हो आप्पा," मी म्हटलं. "एकाच गोळीत गेला. नळीच सांगतेय."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. पहिल्या वर्षीच त्यांनी मला शिकवलं होतं: गोळी सुटली एवढंच नळी सांगते, किती सुटल्या, कुठे लागल्या, कुणाला लागल्या, ते तिला ठाऊक नसतं. नळी सांगते म्हणणारा शिकारी थापाड्या. मी हे विसरणारी बाई नाही, आणि मी विसरणारी नाही हे त्यांना माहीत आहे. आत नळ बंद झाला आणि घर एकदम शांत झालं. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी विचारायला असावं, आणि मिटलं.

"सांगते खरी," ते हळूच म्हणाले. "चांगली नळी आहे."

मी तेलाचं बोट फिरवलं, नळी दस्त्यात बसवली, स्क्रू आवळले, पुढचा आधी, मग मागचा. पिन स्प्रिंगमधून घातली, बोल्ट जोडला, मोज्यात गुंडाळला. गाठ नाही, नुसता दुमडला. उठून उभी राहिले तेव्हा टेबलाखाली पाय सवयीनं जपून काढला, तिथे कुणी नव्हतं तरी. बोल्टसाठी घरात नवी जागा शोधायला हवी होती, शिवणाचा डबा नको, आणि मी कुठे जाते ते त्या खुर्चीतून सरळ दिसतं.

आप्पांनी खुर्ची वळवायचा प्रयत्न केला. थरथरत्या हातांनी ती वळेना. मग त्यांनी मानच भिंतीकडे फिरवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"ठेव," ते म्हणाले. "मी बघत नाही."